वरची चार बोटं

लोहाऱ्यातून माकणीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, शेवटचं घर संपून पहिलं शेत लागायच्या आधी, गुरुलिंगअप्पांचं वेल्डिंगचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही आणि ती कधी लागलीही नाही. आसपासच्या वीस गावांत नवा टेम्पो आला की पहिल्या दिवशी तो देवळापुढं उभा राहायचा आणि दुसऱ्या दिवशी अप्पांच्या दारात. कंपनी देते तेवढ्या हौद्यावर आपल्याकडं कुणाचं भागत नाही. हौद्याच्या बाजूचे फाळके उंच करून घेतल्याशिवाय गाडी गाडीसारखी दिसतच नाही, असं सगळ्यांचं ठाम मत. त्या मतावर अप्पांचं घर तीस वर्षं चाललं.

वेल्डर काय, उमरग्यात ढिगानं आहेत. अप्पांची ख्याती होती ती वरच्या चार बोटांची. गिऱ्हाइकानं फूटभर वाढवायला सांगितलं की अप्पा फुटाची खूण करायचे, खुणेवर आपली चार बोटं आडवी ठेवायचे, त्यांच्या वर खडूनं रेघ ओढायचे आणि तिथं लोखंड कापायचे. त्या जादा चार बोटांचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. कापडवाला माप झाल्यावर वर वीतभर कापड सोडतो, तसलाच हा प्रकार. कुणी नको म्हणालाच तर अप्पा डोळे वटारायचे. ‘लोखंड माजं, हात माजा, तुजं काय जातंय?’ आता फुकट मिळणाऱ्या लोखंडाला नको कोण म्हणणार? काही पक्की गिऱ्हाइकं चार बोटं आधीच वजा करून माप सांगायची. अप्पांना ते कळायचं, तरी ते द्यायचेच. सैल हाताचा त्यांना अभिमान होता, आणि तो थोडाथोडका नव्हता.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, महांतेशनं, स्वतःचा डिझेल टेम्पो घेतला. त्यानंही चारचौघांसारखं माप सांगितलं, “दीड फूट वाढवा अप्पा.” गिऱ्हाइकाला चार बोटं द्यायची, तर पोटच्या पोराला तेवढीच कशी द्यायची? अप्पांनी खुणेवर चार बोटांऐवजी अख्खी वीत ठेवली. फाळके चढल्यावर महांतेश मागं सरकून बघत राहिला आणि हसला. “अप्पा, आता ह्याच्यात हत्ती बी बसंल.”

दोन वर्षांपूर्वी, सोयाबीनच्या सुगीत, माकणीच्या अलीकडं कालव्याच्या वळणावर तो टेम्पो कलंडला. आत सोयाबीनची पस्तीस कट्टी, म्हणजे भरलेली पोती होती, फाळक्याच्या काठापर्यंत रचलेली. त्या एवढ्याशा गाडीत पस्तीस कट्टी बसतात ती फाळका उंच असला तरच. पंचनाम्यात भरधाव वेग असं लिहिलं गेलं. महांतेशनं उभ्या जन्मात चाळीसच्या वर काटा नेला नव्हता, पण मेलेल्या माणसाच्या बाजूनं भांडत कोण बसतो! लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं त्याला शेतात, बसवून, समाधी दिली. अप्पांनी विभूती लावली, माती लोटली आणि मग आलेल्या पाहुण्यांना चहा मिळाला की नाही ते बघत फिरले. लोक म्हणाले, खंबीर माणूस आहे.

खंबीर कसले! आत काहीतरी बंद पडलं होतं, एवढंच.

बायको शांतम्मा ताट वाढून कानडीत “ऊटा माडरी”, जेवा, म्हणाली की ते जेवायला बसायचे. नाही म्हणाली तर विचारायचे नाहीत. एकदा तिनं रडण्याच्या भरात आमटीत दोनदा मीठ घातलं. शुभांगीनं, त्यांच्या सुनेनं, पहिल्या घासाला वाटी बाजूला सारली. अप्पांनी दोन वाट्या संपवल्या. त्याच साली घरची विहीर आटली आणि बोअर पाडलं. बोअरचं पाणी मचूळ निघालं. त्यात डाळ शिजेना, चहाला रंग येईना, पाहुणे तांब्या ओठाला लावून हळूच खाली ठेवायचे. शांतम्मा रोज एकदा तरी त्या बोअरच्या नावानं बोटं मोडायची. अप्पा मात्र तांब्याच्या तांब्या रिचवायचे. पाण्याला चव असते, हेच त्यांच्या ध्यानातून गेलं होतं.

दुकान चालू होतं. खिडक्यांचे गज, गोठ्याचं फाटक, टाकीचा स्टँड, असली कामं ते करत. गाडीला मात्र हात लावत नसत. कुणी टेम्पो आणला तर नजर अधू झाली म्हणून सांगत. वीतभराची गोष्ट जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे, अशी त्यांची समजूत होती. टेम्पोचा सांगाडा भंगारवाल्यानं नेला. एक वाकलेला फाळका तेवढा मागं राहिला, तो दुकानामागच्या भिंतीला टेकवलेला होता. शुभांगीनं त्याच्यावर दोडक्याचा वेल चढवला होता. अप्पा दुकानाच्या मागच्या बाजूला कधी जात नसत. दोडक्याची भाजी ताटात आली की खात.

अशात एके दिवशी जेवताना शुभांगी म्हणाली, “मामा, गाडी घ्यायलेय. बॅटरीवरची.”

शुभांगी बत्तीस वर्षांची. पदरात सहा वर्षांची सृष्टी. महांतेशनंच तिला टेम्पो चालवायला शिकवलं होतं आणि हौसेनं लायसन्सही काढून दिलं होतं. गावातल्या बायकांच्या बचत गटातून कर्जाची सोय झाली होती. सकाळी माकणीहून दुधाचे कॅन आणायचे, दुपारी इकडून पशुखाद्य घेऊन जायचं, असं काम तिनं ठरवूनही टाकलं होतं. शांतम्मा हातातलं पातेलं घेऊन जागच्या जागी खाली बसली. “त्याच रस्त्यानं?” तिनं विचारलं.

“दुसरा रस्ता हाय का आत्या?” शुभांगी म्हणाली. मग अप्पांकडं वळली. “मामा, तुमी संगं चला लातूरला. गाडीवर जादाचं काय घ्यायचं, काय न्हाय, ते तुमाला कळतंय. मला बघून ते लोक काय बी गळ्यात मारतील.”

अप्पा बरं म्हणाले. कुणी काहीही म्हटलं तरी ते बरंच म्हणत. पण त्या रात्री आडवे झाल्यावर त्यांच्या मनात एक गोष्ट आली आणि मग ती हललीच नाही. गाडी आल्यावर कधी ना कधी ही पोरगी ती दुकानापुढं उभी करणार आणि म्हणणार, मामा, फाळके वाढवा. तिला काय उत्तर द्यायचं? याला भीती म्हणावं तर छातीत धडधड नव्हती. बधिर पायात काटा मोडावा तसं होतं. काटा दिसतो, पण कळ येत नाही.

लातूरच्या शोरूममध्ये उत्कर्ष नावाचा एक चुणचुणीत तरुण पुढं आला. पांढरी, बसक्या नाकाची, एक टनाची गाडी मधोमध उभी होती. उत्कर्षनं ती चालू केली तरी चालू झाल्याचं कळलं नाही. मग त्यानं जादाच्या वस्तूंचा लांबलचक कागद काढला आणि अगदी वरून सुरुवात केली.

“पुढचं स्टीलचं गार्ड घ्याच. गाडीला रुबाब येतो.”

असली गार्डं अप्पांनी शेकड्यानं बनवली होती. त्या कमाईवर त्यांनी एक खोली बांधली होती, असं म्हटलं तरी चालेल. “नको,” ते म्हणाले. “फुकटचं वजन. ते वडायला बॅटरीच खर्च व्हती. आन धडक बसली तर गार्ड नीट ऱ्हातंय, धक्का चेसीला जातोय.”

“चाकांच्या चकचकीत वाट्या?”

“पयल्याच खड्ड्यात जातील.”

“गाण्याची सिस्टीम?”

अप्पांनी शुभांगीकडं पाहिलं. शुभांगीनं मान हलवली. ते पान उलटलं.

मग उत्कर्षनं आवाज खाली आणला. “मोठी बॅटरी. पैसे बरेच वाढतात, पण...”

“ती घे,” अप्पा सुनेला म्हणाले, त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत. “कागदावर लिवल्यात तेवढे किलोमीटर ती रिकामी असताना जाती. माल भरून, उन्हातानात, चढाला तिसरा हिस्सा कमी धर. आन दोन-चार वर्सांनी बॅटरी म्हातारी व्हनार. बाकी सगळं मागनं लावता येतंय. ही मागनं लावता येत न्हाय.”

उत्कर्ष जरा चपापला. मग झटपट चार्जिंगच्या सोयीवर आला. अप्पांनी विचारलं, तसलं झटपट चार्जिंगचं यंत्र लोहाऱ्यात कुठं आहे? उत्कर्ष म्हणाला, येईल लवकरच. “आलं की बघू,” अप्पा म्हणाले. “रात्रभर गाडी दारातच उभी असती. त्या पैशात घरी जाड वायर वड, आन अर्थिंग नीट कर. मीठ-कोळसा घालून, हातभर न्हाय, पुरुषभर खड्डा.” बॅटरीच्या पोटाखाली लावायचा जाड पत्रा त्यांनी घ्यायला लावला, कारण माकणीच्या पाणंदीत दगड किती वर आलेत ते त्यांना माहीत होतं. रेक्झिनची सीट कव्हरं नको, उन्हाळ्यात बूड भाजतं. आरसे मात्र मोठे. आणि मागं घेताना वाजणारा आवाजही हवा, गाडी मुकी आहे, गल्लीत म्हातारीकोतारी बसलेली असतात.

हे सगळं ते एका सुरात बोलत होते. दुसऱ्याच कुणाच्या गाडीबद्दल, दुसराच कुणी बोलतोय, आणि आपण नुसते तिथं बसलोय, असं त्यांना वाटत होतं. उत्कर्षनं चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यात एक जादा पान टाकून देतो म्हणून सांगितलं, म्हणजे गाडी आणखी माल उचलेल. अप्पा थांबले.

“नको. पान वाढलं की माणूस माल वाढवतोय.”

कागदाच्या अगदी तळाशी एक ओळ राहिली होती. उत्कर्ष ती सोडूनच देणार होता. “हे काही नाही, वजनाचा भोंगा. हौद्याखाली यंत्र बसवतात. झेपतं त्यापेक्षा जास्त माल चढला की केबिनमध्ये वाजायला लागतं, कमी करेपर्यंत थांबत नाही. कुणी घेत नाही हो. घेतलं तरी आठवड्यात वायर तोडून मागतात.”

“घे,” अप्पा म्हणाले.

“मामा?”

“बाकी काय बी सोड. त्ये घे.”

शुभांगी त्यांच्याकडं बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग तिनं उत्कर्षला ती ओळ लिहून घ्यायला सांगितली.

निघताना उत्कर्षनं हात जोडून एक सूचना केली. या गाडीला वेल्डिंग कुठंच लावायचं नाही, करंट बॅटरीपर्यंत गेला तर बॅटरी गेली आणि वॉरंटीही गेली. ते ऐकून अप्पांना सुटल्यासारखं वाटलं असतं, वाटण्याची काही सोय उरली असती तर. पण पोरगा इमानी निघाला. तो पुढं म्हणाला, “फाळके वाढवायचेच असले तर बोल्टवर बसवा. हौद्याला कंपनीनं भोकं दिलीत.” म्हणजे ती वाटही मोकळीच राहिली.

गाडी आली. शांतम्मानं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि गाडी आवाज न करता त्या लिंबावरून गेली तेव्हा ती दचकली. पहिले काही दिवस शुभांगी परत येईपर्यंत शांतम्मा ओट्यावर बसून राहायची. अप्पा दुकानात गज कापत असायचे. कालव्याच्या वळणावर आत्ता ती पोचली असेल, हे त्यांना घड्याळ न बघता कळायचं. कळायचं, आणि ते पुढचा गज घ्यायचे.

दोन महिने गेले. सुगी आली, मळणी यंत्रं शिवारभर धूळ उडवू लागली, आणि एका दुपारी मागं घेतानाचा तो टीं टीं आवाज करत पांढरी गाडी दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली.

“मामा,” शुभांगी खाली उतरून म्हणाली, “दिग्विजय आडत्याचं काम मिळतंय. सोयाबीनचं भुसकट, गोठेवाल्यांना पोचवायचं. सगळी सुगी पुरंल एवढं. पण भुसकट फुगतंय लई. हौदा कमी पडतोय. फाळके वाढवायचे म्हनतोय त्यो, न्हायतर दुसरी गाडी लावतो.”

अप्पांनी हातातली पट्टी खाली ठेवली. “उमरग्याला जा.”

“का?”

“नजर...”

“नजर न्हाय मामा. काल तुमी सुईत दोरा ववून दिला आत्याला.”

अप्पांनी रस्त्याकडं पाहिलं. माणसं लोंबकळणारी एक काळीपिवळी जीप गेली. मग गिऱ्हाइकाला माप सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, “महांतेशच्या गाडीला म्या वीतभर जादा दिलं व्हतं. त्यानं दीड फूट सांगितला व्हता. वरची वीत माजी. तेवढी नसती तर वरचा थर बसला नसता. गाडी कलली नसती.”

बोलून झाल्यावर ते वाट बघत राहिले. आता ही ओरडेल, किंवा रडेल, किंवा गाडीत बसून निघून जाईल आणि संध्याकाळी शांतम्माला सांगेल. यातलं काहीही झालं तरी त्यांना चालणार होतं.

“ठावं हाय मला,” शुभांगी म्हणाली.

अप्पांनी मान वर केली.

“मागं दोडका लावला तवाच मोजलं म्या. त्यांनी दीड फूट म्हनलेलं मला आठवत व्हतं, म्या तिथंच उभी व्हते. फाळका भरला सव्वादोन फूट.” ती दुकानाच्या उंबऱ्यावर बसली. “त्याला दोन वर्सं झाली.”

“मग बोलली का न्हाईस?”

“काय बोलू? म्या बोलले असते तर तुमी मला इचारलं असतं, पस्तीस कट्टी एकदम का भरली त्यानं?” शुभांगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “त्या दिवशी सृष्टीला ताप व्हता. म्या फोन केला. ते म्हनले, दोन खेपा कराव्या लागतील, उशीर व्हईल. म्या म्हनले, एकाच खेपेत उरका आन या घरी.”

ती रडत नव्हती. तिचा आवाजही अप्पांसारखाच सपाट होता, आणि तो तसा किती दिवसांपासून आहे हे आपण पाहिलंच नाही, असं अप्पांच्या लक्षात आलं. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवत, दोघंजण दोन वर्षं आपापलं लपवत बसले होते, आणि दोघांनाही वाटत होतं की हे ओझं आपल्या एकट्याचंच आहे.

“लातूरला तुमी त्यो भोंगा घ्यायला लावला,” शुभांगी म्हणाली, “तवा मला कळलं, ती वीत तुमाला बी सलतीय.”

“तरी तू फाळके मागतीस?”

“भुसकट हलकंच असतंय मामा. फाळका वाईट न्हाय. उमरग्याचा वेल्डर दोन फूट म्हनलं की दोन फूट दील, तीन म्हनलं की तीन. मला फूटभर पायजे. फूटभरच. आन वर काय बी न देनारा मानूस ह्या तालुक्यात आता एकच हाय.”

अप्पांनी त्या संध्याकाळी काम धरलं. तीस वर्षं ज्या हातांनी फक्त वेल्डिंग केलं, त्यांना बोल्टचं काम जमेना. भोकं जुळत नव्हती, वायसर निसटत होते. लोखंडी अँगल वाकवून त्यांनी बोल्टच्या पट्ट्या तयार केल्या, गाडीपासून लांब नेऊन तिकडंच वेल्ड केल्या आणि मग हौद्यावर चढवल्या. सुगी संपली की अर्ध्या तासात उतरवता येतील असे फाळके. उभ्या पाइपावर त्यांनी फुटाची खूण केली. खुणेवर चार बोटं कधी आडवी पडली आणि खडूची रेघ कधी ओढली गेली, ते त्यांना कळलंही नाही. रेघेकडं बघत ते थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी अंगठ्यानं ती पुसली आणि खालच्या खुणेवर कापलं.

भुसकटाच्या खेपा सुरू झाल्या. पंधराएक दिवसांनी बोल्ट ढिले झालेत का ते बघायला अप्पा पाना घेऊन दिग्विजयच्या गोदामावर गेले. दिग्विजय तिशीतला, बोलायला गोड, कामाला घाईचा. हौदा भुसकटानं भरत आला होता आणि त्याची माणसं वरून सरकी पेंडीची पोती टाकत होती.

“एकाच बाजूला जायलीय गाडी, तर दहा पोती पेंड बी जाऊ द्या की अक्का,” दिग्विजय शुभांगीला म्हणत होता. “जागा हाय अजून.”

“भुसकटाचं ठरलंय,” शुभांगी म्हणाली.

“अवो, जागा हाय म्हनतोय ना!”

सहावं पोतं पडलं आणि केबिनमधला भोंगा वाजायला लागला. कर्कश, न थांबणारा. हमाल हसले. दिग्विजयनं कानात बोट घातलं. “हे काय लावलंय? काढून टाका की वायर. अप्पा आलेत, बरं झालं. अप्पा, तेवढी वायर तोडा. आन पुढच्या बारीला फाळके बी तुमच्या नावाला शोभतील असे करा. चार बोटं कुठं गेली तुमची? हातभर वाढवा, पैसे म्या देतो.”

अप्पा गाडीच्या मागच्या चाकावर पाय देऊन वर चढले. लोकांना वाटलं, वायर बघायला चढले. त्यांनी पेंडीचं वरचं पोतं धरलं आणि खाली ढकललं. ते दिग्विजयच्या पायापाशी पडून फुटलं.

“जागा हाय!” अप्पा ओरडले. “जागा हाय म्हनून भरायचं? आरं जागा म्या केली व्हती! म्या केली व्हती जागा! वीतभर! पोरगं घातलं त्या जागंत!”

दुसरं पोतं पडलं. तिसरं. साठीचा माणूस, पन्नास किलोचं पोतं, पण कुणाची त्यांना धरायची छाती झाली नाही. ते दिग्विजयला शिव्या देत होते, हमालांना देत होते, उमरग्याच्या वेल्डरला देत होते, आणि सगळ्यात जास्त त्या गुरुलिंगाला देत होते, ज्यानं फुकटात लोखंड वाटून नाव कमावलं. भोंगा तिसऱ्या पोत्यालाच थांबला, तरी सहावं पोतं खाली जाईपर्यंत अप्पा थांबले नाहीत. त्यांचं ओरडणं आणखी थोडा वेळ चालू राहिलं आणि मग तेही थांबलं. दिग्विजय फुटलेल्या पेंडीकडं बघत उभा होता. गाडीवरचे हमाल एकेक करून खाली उतरले.

अप्पा भुसकटावर मटकन बसले. त्यांच्या छातीत दुखत होतं, खांद्यात चमक निघत होती, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते त्यांना थांबवता येत नव्हतं. महांतेश आपल्या टेम्पोपासून मागं सरकून हसला होता, ते त्यांना दिसत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच दिसत होतं.

शुभांगी चाकावर पाय देऊन वर चढली. केबिनमधली घरून भरून आणलेली बाटली तिच्या हातात होती. तिनं झाकण उघडून ती त्यांच्या हातात दिली आणि तळाशी आपलाही हात धरला.

अप्पांनी एक घोट घेतला, आणि तोंड वाकडं केलं.

“हे पानी मचूळ हाय,” ते म्हणाले.

शुभांगीच्या डोळ्यांना आता पाणी आलं. “व्हय मामा,” ती म्हणाली. “दोन वर्सं झाली, मचूळच हाय.”